बोरिंगकडचं दार

पहिल्या दिवशी त्याने मला भाडं विचारलं नाही आणि पाणी कुठून आणायचं तेही विचारलं नाही. ओटीवर पिशवी टेकवली आणि म्हणाला, "बाई, चुलीतली राख कुठं टाकता?"

मी म्हटलं, "उकिरड्यात. आणखी कुठं टाकणार?"

"उद्यापासून टाकू नका. मला लागेल."

मला वाटलं, स्वतःची भांडी स्वतः घासणारा माणूस दिसतो, बरं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हा घमेल्यात राख घेऊन रस्त्याकडेच्या माझ्या तुकड्यात वाकलेला. चिमटीने राख सोडत लांबच लांब रेघा ओढत होता. रेघा झाल्या तसा मध्ये जाऊन उताणा झोपला. खोडाळ्याला जाणारी जीप थांबली. आतल्या माणसांना वाटलं, कुणीतरी मरून पडलंय. ड्रायव्हर उतरून जवळ गेला, तर हा डोळे न उघडता म्हणाला, "मालक, जरा बाजूला व्हा. तुम्ही भिंतीत उभे आहात."

त्या दिवसापासून त्याचं नाव राख्या साहेब पडलं. खरं नाव पंचायतीच्या कागदावर असेल. तोंडावर मी त्याला साहेब आणि तुम्ही म्हणायची. इथे लिहिताना तो म्हणते. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान होता, आणि माझ्या घरी दीड वर्ष जेवला होता.

तो इमारतींची आखणी करणारा होता. मुंबईच्या एका संस्थेने आमच्या गावात तरुण पोरापोरींसाठी एक सभागृह बांधायचं ठरवलं, त्यांनी त्याला पाठवला. जागा माझी. दोन गुंठे. लोक म्हणतात, म्हातारीने मोठं मन दाखवलं. मन वगैरे काही नाही. तो तुकडा खडकाळ होता, नागलीसुद्धा धड येत नव्हती. पण रस्त्याच्या वळणाला होता आणि तिथे मोबाईलला रेंज यायची. आमच्या गावात रेंज दोनच ठिकाणी येते, त्या तुकड्यात आणि त्याच्या पुढच्या मोरीवर, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावर. मोरीच्या कठड्यावर सकाळ-संध्याकाळ पोरं बसलेली असतात. पोरगी तिथे बसली तर रात्रीच्या आत तिच्या घरी निरोप पोचतो.

माझी नात निशा माझ्याकडे राहते. बारावी झाली. नर्सिंगचा फॉर्म मोबाईलवर भरायचा होता. घरात रेंज नाही, मोरीवर पोरं. ती रोज म्हणायची, उद्या जव्हारला जाऊन भरते. उद्या उद्या करता तारीख गेली. ती रडली नाही, मीही काही बोलले नाही. पण पुढच्याच ग्रामसभेत सभागृहाला जागा कोण देतं असा विषय निघाला, तेव्हा मी हात वर केला. वसईला असणारा माझा मुलगा फोनवर ओरडला. थोरले दीर तर समोर येऊन बोलले, "निशाची आजी, डोकं ठिकाणावर हाय ना? पलीकडचं समाजमंदिर बघितलंस ना? त्याची किल्ली कुठं हाय ते देवालासुद्धा नाय माहीत. तुझ्या जागेवर उद्या खताच्या गोणी पडतील."

ते चुकीचं बोलत नव्हते. पंचायतीने ठरावातच लिहिलं होतं की बांधकाम झाल्यावर जो पहिला दसरा येईल तोपर्यंत सभागृह वापरात दिसलं नाही, तर ते गोदामाला घेतलं जाईल. मी चौथी शिकलेली आहे. तो ठराव मी स्वतः वाचला, दोनदा. मग अंगठा नाही, सही केली. जागा मी पोरांसाठी दिली होती, गोणींसाठी नाही. गोणी पडल्या असत्या तर उरलेलं आयुष्य मला गावाच्या तोंडाला तोंड देत काढावं लागलं असतं. शिवाय निशा घरातच बसली असती. माझं जे काही पणाला लागलं होतं ते एवढंच.

आणि ते सगळं या राखवाल्याच्या हातात होतं.

त्याच्या हातात म्हणजे अगदी हातावर. त्याला वही ठेवायची सवय नव्हती. जे लक्षात ठेवायचं ते डाव्या हातावर पेनने लिहायचा, मनगटापासून कोपरापर्यंत. काही महत्त्वाचं लिहिलं असलं की आंघोळ करायचा नाही. एकदा तीन दिवस झाले तेव्हा मी बादली ओटीवर आणून ठेवली आणि म्हटलं, "साहेब, काय लिहिलंय ते निशाला सांगा, ती कागदावर उतरवेल. पण आज आंघोळ झाल्याशिवाय भाकर नाय."

त्याने हात पुढे केला. निशाने वाचलं, "उंबऱ्यावर कोणी बसत नाही. का?"

ते माझ्यावरूनच लिहिलं होतं. माझ्या घरात तो एका जागी दोनदा बसला नाही. आज ओटीवर, उद्या कणगीला टेकून, परवा उखळावर. बसायचा, उठायचा, गुडघ्यावर हात ठेवून उंची बघायचा. एक दिवस उंबऱ्यावर बसला, तेव्हा मी खेकसले होते. का बसायचं नाही, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, "नाय बसायचं म्हणजे नाय." यावर दुसरा माणूस गप्प बसला असता. हा तीन दिवस आंघोळीवाचून राहिला.

त्याचं एक बोलणं ठरलेलं होतं. कुणीही विचारलं की साहेब, बांधकाम कधी चालू, तर म्हणायचा, "आधी बसू, मग बांधू." आणि खरंच बसायचा. मोरीच्या कठड्यावर पोरांच्यात जाऊन बसायचा. पोरं पहिल्या दिवशी उठून गेली, दुसऱ्या दिवशी अर्धी राहिली, चौथ्या दिवशी त्याला मोबाईलमधले व्हिडिओ दाखवायला लागली. संध्याकाळी येऊन मला सांगायचा, "बाई, पोरं तिथं रेंजसाठी बसतात हे अर्धंच खरं. कठडा गुडघ्याएवढा आहे, बसताना वाकावं लागत नाही. दोन्ही बाजूंचा रस्ता दिसतो, कोण येतंय ते आधी कळतं. आणि पाठीमागून कुणी येऊ शकत नाही, खाली ओढा आहे."

मी म्हटलं, "म्हंजे पोरं चोरासारखी बसतात."

"नाही. हरणासारखी."

मला ते हरीण वगैरे काही पटलं नाही. पण पुढे सभागृहाच्या सगळ्या खिडक्या त्याने गुडघ्याएवढ्या उंचीवर घेतल्या आणि त्यांचे कठडे एवढे रुंद केले की आत किंवा बाहेर पाय सोडून बसता येईल. ठेकेदार म्हणाला, ही खिडकी नाही, हे बाकडं आहे. हा म्हणाला, "बरोबर."

ठेकेदाराशी त्याचं एकदाच जोरात वाजलं, छपरावरून. ठेकेदाराला पत्रा टाकायचा होता. याला कौलं हवी होती. तेव्हा आषाढाचे दिवस होते आणि आमच्याकडे आषाढ काय असतो ते आमच्याकडे राहिल्यावरच कळतं. याने ठेकेदाराला हाताला धरून समाजमंदिराच्या पडवीत नेला, तिथे पत्रा आहे. पाऊस पत्र्यावर बदबदत होता. हा त्याच्या तोंडासमोर उभा राहून काहीतरी बोलला. ठेकेदार ओरडला, "काय?" हा परत बोलला. ठेकेदार परत ओरडला, "काय?" असं पाचसहा वेळा झालं. मग त्याला बाहेर ओढून, छत्रीखाली घेऊन म्हणाला, "मालक, चार महिने पोरं एकमेकांना 'काय' एवढंच म्हणणार." कौलं ठरली.

पण मला सांगायचं आहे ते बोरिंगचं.

माझ्या तुकड्याच्या मागे माझं परसू आहे आणि परसाच्या मागे गावाचा हातपंप. आम्ही त्याला बोरिंग म्हणतो. मोरीवर पुरेसं बसून झाल्यावर हा बोरिंगजवळ जाऊन बसला. एका दगडावर, हातात पेन घेऊन. दुसऱ्या दिवशी गावातल्या चार बाया माझ्या दारात आल्या.

"आजी, तुमचा भाडोत्री आमच्याकडं काय बघत बसतो?"

"तुमच्याकडं बघण्यासारखं काय हाय?" मी म्हटलं. पण मला लाज वाटली. आमच्याकडे बाप्ये बोरिंगजवळ बसत नाहीत. तहान लागली तरी पोराला तांब्या घेऊन पाठवतात. तिथे बाया धुतात, भांडतात, हसतात, नवऱ्यांना नावं ठेवतात. ती जागा त्यांची. याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी जाऊन त्याला उठवला आणि तिथेच झापला. तो लगेच उठला, हात जोडून बायांची माफी मागितली, आणि घरी येताना मला म्हणाला, "बाई, मग माझ्या वतीने तुम्ही बसा. पोरी किती वेळ थांबतात आणि काय करतात तेवढं बघा."

मला काय, मी तशीही तिथे जातेच. दोन दिवस हंडा घेऊन बसले आणि येऊन सांगितलं. पोरी बसत नाहीत. उभ्या राहतात. हंडा रांगेत लावला की तास तास उभ्याने बोलतात. घरून कुणी विचारलं, पोरगी कुठं हाय, तर आई म्हणते, पाण्यावर गेलीय. मग पुढे कुणी विचारत नाही.

"आणि हंडा नसला तर?"

"हंडा नसला तर ती उनाड."

त्याने हे हातावर लिहिलं नाही. मला तेव्हा नवल वाटलं. नंतर कळलं, जे त्याला पुरतं कळायचं ते तो लिहीत नसे.

आता माझी चूक सांगते. ती दुसऱ्या कुणाची नव्हती.

दिवाळीनंतर एक दिवस त्याने सगळं सभागृह राखेने जमिनीवर काढलं. भिंती, खिडक्या, दार. गावाला बोलावलं आणि म्हणाला, चाला यातून, कुठे अडतंय ते सांगा. गाव आलं. माणसं राखेच्या रेघांवरून पाय उचलून चालत होती, हसत होती. मी बघितलं, दार मागच्या बाजूला होतं. बोरिंगच्या दिशेने, माझ्या परसाकडे तोंड करून. रस्त्याच्या बाजूला नुसत्या खिडक्या.

मी विचारलं, "हे काय? घराची पाठ रस्त्याला?"

तो म्हणाला, "पोरं या बाजूने येतील."

"पोरं कुठूनबी येतील. आमच्यात घराचं तोंड रस्त्याला असतं. पाहुणा आला तर काय बोरिंगला वळसा घालून येईल? आणि ओटा कुठं हाय? बिनओट्याचं घर म्हंजे बिनकपाळाचा माणूस."

दीर मागून म्हणाले, "ओटा तर पायजेच."

तो काहीतरी सांगायला लागला. मी ऐकलं नाही. परसातून वाट जाणार हेही माझ्या मनात होतं, खोटं कशाला बोलू. मी झाडू आणला, मागच्या दाराची राख झाडून टाकली आणि पुढच्या रेघेत हाताने फट पाडली. त्या फटीसमोर ओटा काढला, चांगला लांबरुंद. गाव हसलं. कुणीतरी म्हणालं, "आजी इंजिनेर झाली."

तो ते बघत उभा राहिला. मग एवढंच म्हणाला, "जागा तुमची आहे, बाई. ओटा चांगला करू."

आणि खरंच चांगला केला. असा ओटा पंचक्रोशीत नसेल. शहाबादी फरशी, उन्हात तापणार नाही इतकी सावली, पाठ टेकायला कललेली भिंत. वैशाखात उद्घाटन झालं, नारळ फुटले, पुढारी बोलून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले, तर ओट्यावर आमचे दीर आणि त्यांच्या बरोबरीचे पाचसहा म्हातारे मांडी घालून पत्ते कुटत होते.

मी म्हटलं, "भाऊजी, हे पोरांसाठी हाय."

"पोरांना आत जागा हाय की. आम्ही कुठं आत चाललोय? ओटा म्हाताऱ्यांचाच असतो." आणि पान टाकलं.

बरोबर होतं. आमच्याकडे ओटा म्हाताऱ्यांचाच असतो. मला हे आधी कळायला हवं होतं, माझा जन्म या गावात ओट्यासमोरून डोक्यावर पदर घेऊन जाण्यात गेला आहे. दार एकच, ते ओट्यावर. आत जायचं तर आजे-चुलत्यांच्या रांगेपुढून जायचं. पोरगा गेला तर, "काय रे, बापाला शेतावर एकटा टाकून कुठं चाललास?" पोरगी गेली तर कुणी काही बोलायचंच नाही, पत्ते थांबायचे. ते बोलण्यापेक्षा वाईट. पोरं पहिल्या आठवड्यात दोनदा आली आणि परत मोरीवर जाऊन बसली. पोरी एकदाही आल्या नाहीत. निशा म्हणाली, "आजी, मी नाय जाणार. तूच जाऊन बस तुझ्या ओट्यावर."

आत रंग दिलेल्या भिंती, गुडघ्याएवढ्या खिडक्या, सगळं रिकामं. पाऊस सुरू झाला तशी ओट्यावरची गर्दी वाढली. भिवंडीला वीस वर्षं हमाली करून आलेला एक म्हातारा तर म्हणायचा, "एकदम फर्स्ट क्लास जगा है. सायेबने बनाया तो अपने लिएच बनाया."

मला वाटलं, आता हा भडकेल. मला बोल लावेल, तसा त्याचा हक्कच होता. हा जाऊन म्हाताऱ्यांच्यात पत्ते खेळायला बसला. आठ दिवस खेळला, रोज हरला. मी शेवटी न राहवून म्हटलं, "साहेब, त्यांना उठवा की! तुम्ही सांगितलं तर ऐकतील."

"का उठवायचं? त्यांना बसायला जागा आवडली. ओटा बरोबर झालाय."

"मग चुकलं काय?"

 राखेचं नाव त्याने त्या दिवशी काढलं नाही, नंतरही कधी काढलं नाही. त्याने एकदा तरी म्हणायला हवं होतं. मला बरं वाटलं असतं.

श्रावण संपत आला. ठरावातली मुदत दसऱ्यापर्यंतची. मी एक दिवस भाकरी थापता थापता म्हटलं, "मागची भिंत फोडायला किती दिवस लागतील?"

त्याने हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "तीन. पण वाट तुमच्या परसातून जाईल. मांडव काढावा लागेल."

माझ्या परसात दोडक्याचा आणि काकडीचा मांडव होता, ऐन भरात. भाद्रपदात मला त्यातून दोन पैसे सुटतात. मी म्हटलं, "वाट पायजे तेवढीच घ्या, जास्त घेतली तर माझ्याशी गाठ हाय." दुसऱ्या दिवशी मीच कोयता घेऊन अर्धा मांडव उतरवला. काकड्या कोवळ्या होत्या, त्या सगळ्या बोरिंगवरच्या बायांना वाटून टाकल्या. नाहीतरी कुजल्याच असत्या.

भिंत फुटली, दार बसलं. दाराबाहेर त्याने ओटा बांधला नाही. एक लांब, हंडा टेकेल एवढी रुंद भिंत घातली, एवढ्या उंचीची की डोक्यावरचा हंडा न वाकता उतरवून ठेवता यावा. बस्स. ती बांधताना गवंड्याच्या बायकोला डोक्यावर हंडा घेऊन दहा वेळा उभी केली होती. ती म्हणाली, "सायेब, आता पगार मलाच द्या."

पहिल्या दिवशी निशा गेली. हंडा भिंतीवर ठेवला, आत डोकावली, आणि आत गेली. तिच्यामागे दुसरी. हंडे भिंतीवर रांगेत, पोरी आत. घरी कुणी विचारलं तर पाण्यावर. खोटं नव्हतंच ते. ओट्याकडचं दार आणि खिडक्या पोरी आतून ओढून घ्यायच्या, त्यामुळे ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना काही दिसत नव्हतं, आणि वळसा घालून मागे येऊन बघायची सोय नव्हती, कारण बाप्ये बोरिंगवर जात नाहीत. हा नियम आमच्या दिरांनीच आयुष्यभर पोरांच्या पाठीत रट्टे घालून पाळायला लावला होता.

पोरांनी आठवडाभर हे बघितलं. मग एक दिवस मोरीवरचा एक पोरगा हंडा घेऊन आला. माझ्या सत्तर वर्षांत गावात तरणा पोरगा पाण्याला आलेला मी पाहिला नव्हता. बाया एवढ्या हसल्या की एकीचा हंडा हातातून सुटला. दुसऱ्या दिवशी तीन पोरं आली, कुणी कळशी, कुणी बादली, एक तर प्लास्टिकचा डबा घेऊन. घराघरांत आया चकित. एक मला म्हणाली, "आजी, माझा पोऱ्या दिवसातनं तीनदा पाणी आणतो. आजारी तर नाय ना?"

मी म्हटलं, "पिंप मोठं घे."

दसरा झाला. तो तोवर जव्हारला दुसऱ्या कामावर गेला होता, तिथेच खोली घेतली होती. पंचायतीची तपासणी कधी आहे ते मी त्याला फोनवर कळवलं. म्हटलं, या. तो म्हणाला, "मी आलो तर पोरं माझ्यासाठी येतील. ते धरायचं नाही." आणि फोन ठेवला. आवाज बरा नव्हता.

ग्रामसेवक फटफटीवरून चारला आला. तरुण माणूस, नवीन बदलून आलेला, नियमाने वागणारा. मला बोलावणं होतं म्हणून मी ओट्यावर जाऊन बसले. म्हातारे होतेच. त्याने रजिस्टर उघडलं आणि म्हणाला, "एक तास बसू. कोण येतं-जातं ते बघू."

मी मागच्या दाराचं सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. त्या दिवशी खोडाळ्याचा बाजार होता, निम्मं गाव बाजाराला. आणि आतून आवाज येत नव्हता. एरवी आत हसणं, ओरडणं, कुणाच्या तरी मोबाईलवर गाणं, ते ओट्यावर ऐकू यायचं आणि दीर म्हणायचे, आत उंदीर झालेत. आज काहीच नाही. मला वाटलं, सगळी बाजाराला गेली. आजच. मागे जाऊन बघावं तर ग्रामसेवक म्हणणार, आजी पोरं गोळा करायला गेली.

तो तास मी कसा काढला ते मला माहीत. दीर मध्येच म्हणाले, "सायेब, गोणी ठेवायच्याच असतील तर आत ठेवा, आमचा ओटा राहू द्या."

ग्रामसेवकाने घड्याळ बघितलं, रजिस्टरात लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. "प्रत्यक्ष पाहणीत तरुणांचा वापर आढळला नाही. ओट्याचा वापर ज्येष्ठ नागरिक करतात." मग खिशातून कुलूप काढलं. "आजी, वाईट वाटून घेऊ नका. आत कुणी नाही एवढं बघतो आणि लावतो."

त्याने दार ढकललं.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. जमिनीवर, खिडक्यांच्या कठड्यांवर, भिंतीला टेकून, सगळीकडे पोरं आणि पोरी, मांडीवर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर कागद, माना खाली. कुणी वर बघितलंसुद्धा नाही. मागच्या दारातून हंडे-कळश्यांची रांग दिसत होती. समोर निशा उभी होती, हातात मोबाईल, त्यावर वेळ लावलेला. तिने ग्रामसेवकाकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "सर, दहा मिनिटं बाहेर थांबता का? पोलीस भरतीचा सराव पेपर चालू आहे."

ग्रामसेवक थांबला. खरंच बाहेर येऊन दार ओढून थांबला. मला म्हणाला, "आजी, मी तासभर इथं बसलोय. एक माणूस आत गेलेला नाही. हे आले कुठून?"

"पाण्यावरून," मी म्हटलं.

दिरांनी खिडकीचं दार ढकलून आत डोकावून बघितलं. बराच वेळ. त्यांचे दोन नातूही आत होते. "एवढी पोरं?" ते म्हणाले. "आणि आम्हाला पत्ता नाय?"

"तुम्ही पत्ते खेळा, भाऊजी."

ग्रामसेवकाने रजिस्टरातलं पान फाडलं नाही, ते चालत नाही. खाली नव्याने लिहिलं, "आत प्रवेश करून पाहिले असता सभागृह पूर्ण वापरात." पेपर संपल्यावर डोकी मोजली, निशाची सही घेतली. कुलूप खिशात घातलं आणि जाताना फटफटीवर बसून मला विचारलं, "त्या मागच्या दाराची कल्पना कुणाची?"

मी त्याला खरं सांगितलं. दार कुणी काढलं, कुणी झाडून टाकलं, दोन्ही. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते.

तो गेल्यावर मी तिथेच फरशीवर बसून राहिले. एका म्हाताऱ्याने मला पाठ टेकायची जागा करून दिली. त्या ओट्यावर मी पहिल्यांदाच पाठ टेकली. बरा होता.

मग निशाचा मोबाईल घेऊन जव्हारला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मी सगळं सांगितलं, कुलूप, पेपर, रजिस्टर, सगळं क्रमाने, कारण अर्धवट सांगितलेलं त्याला चालत नसे. तो मध्ये एकदाही बोलला नाही. मला वाटलं फोन तुटला.

"साहेब, आहात ना?"

"आहे."

"मग बोला काहीतरी."

पलीकडे ताट वाजलं. मग म्हणाला, "बाई, सकाळपासून काही खाल्लं नाही. आता जेवतो."

मी म्हटलं, "जेवा." आणि फोन ठेवला. मीही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, पण ते त्याला सांगायचं काही कारण नव्हतं.